झीज कुठे ठेवली आहे? कंदील, स्टोव्ह आणि हाताच्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीच्या नोंदी

५ नोव्हेंबर: काय हातात आहे

टेबलावर तीन वस्तू आहेत. काच तडकलेला रॉकेलचा कंदील, पंप न घेणारा पितळी स्टोव्ह आणि चाक जाम झालेलं हाताचं शिलाई मशीन. तिन्ही पुन्हा रोज वापरता याव्यात एवढंच काम. चकचकीत करणं कामात नाही. दर भाग सोडवताना एक गोष्ट मात्र बघायची: हा भाग झिजणार हे बनवणाऱ्याला माहीत होतं का, आणि असेल तर त्याने ती झीज कुठे नेऊन ठेवली?

हत्यारं साधीच लागली. वेगवेगळ्या रुंदीचे चपटे स्क्रू ड्रायव्हर, पाने, पक्कड, पितळी तारेचा ब्रश, जुने टूथब्रश, सुती चिंध्या, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न. शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेल साधारण १०० मिली आणि रॉकेल लिटरभर. वेगळं म्हणावं असं हत्यार फक्त स्टोव्हच्या व्हॉल्व्हला लागलं. त्याबद्दल तक्रार पुढे आहे.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल आधीच सांगून ठेवलेलं बरं. जुन्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ भिंतीची असते. बाजारातल्या ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेत वरवर बसतं आणि जोर दिला की खाच खाऊन टाकतं. टोक कानशीने घासून दोन्ही बाजू समांतर करून घेतल्या की ते खाचेच्या तळाशी टेकतं. तीन ड्रायव्हर असे घासायला अर्धा तास जातो. तो वाचवायला जाऊ नये, कारण खाच गेलेला एक स्क्रू काढायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

७ नोव्हेंबर: कंदील सुटा केला

हा थंड झोताचा कंदील आहे. १८७० च्या दशकात जॉन अर्विनने ही रचना आणली. ओळखायची खूण सोपी. बाजूच्या दोन नळ्या वर धुराड्याभोवतीच्या डब्यात उघडत असतील तर थंड झोत. त्या थेट काचेवरच्या टोपीत मिळत असतील तर गरम झोत. थंड झोतात ताजी हवा नळ्यांतून खाली बर्नरला मिळते म्हणून उजेड पांढरा आणि जास्त. गरम झोतात जळलेली हवा काही प्रमाणात पुन्हा तिथेच फिरते.

सोडवायला हत्यार लागत नाही. बाजूची तरफ दाबली की काच उचलली जाते, बर्नर पाव वळसा फिरवला की हातात येतो, वात त्याच्या चावीने बाहेर. जे वारंवार बदलायचं (वात) आणि जे फुटायचं (काच) ते बोटांनी निघतं.

नळ्यांतून तार बांधलेली चिंधी ओढली तेव्हा कोळ्याचं जाळं आणि कीटकांची मातीची घरटी बाहेर आली. हा दोष फार कंदिलांत असतो आणि वरून काही दिसत नाही. ज्योत पिवळी, काच दहा मिनिटांत काळी, आणि दोष वातीला दिला जातो. एक नळी बंद असेल तर ज्योत एका बाजूला झुकते, हीच खूण.

९ नोव्हेंबर: टाकीची गळती

टाकीच्या तळाला शिवणीजवळ टाचणीच्या टोकाएवढं भोक सापडलं. कारण नेहमीचं. रॉकेलमध्ये थोडं पाणी येतंच, ते जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजवतं. वर्षानुवर्षं ठेवून द्यायचा कंदील म्हणूनच रिकामा, कोरडा आणि झाकण किंचित सैल करून ठेवावा.

रॉकेलच्या टाकीला ज्योत लावायची नाही, रिकामी दिसत असली तरी. आतली वाफ पेट घेते. गरम पाणी आणि साबणाने टाकी वास जाईपर्यंत धुतली, उलटी धरून तिच्यात पाणी भरलं आणि आयर्नने सोल्डर केलं. पहिल्यांदा सोल्डर पसरलंच नाही, गोळे होऊन घरंगळलं. पाणी पत्र्याला आतून टेकलेलं होतं आणि सगळी उष्णता तेच खात होतं. पातळी भोकाच्या खाली पाच-सहा मिलिमीटर ठेवली तेव्हा जमलं. पत्रा भोकाभोवती नखभर रुंद पांढराशुभ्र होईपर्यंत खरवडावा लागतो, गंजावर सोल्डर धरत नाही. सोल्डर धरावं म्हणून झिंक क्लोराइडचा फ्लक्स लावला असेल तर नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचा, नाहीतर महिन्याभरात तिथेच नवा गंज.

गळती तपासायला पाणी भरून ठेवलं तर फसगत होते. पाणी अडतं अशा फटीतून रॉकेल सहज झिरपतं. टाकी रॉकेलने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली, सकाळी कागद कोरडा निघाला.

इथे या वस्तूतला खरा उणेपणा दिसतो. टाकीच्या दोन अर्ध्या शिवणीत दुमडून कायमच्या बंद केल्या आहेत. आत ब्रश जात नाही, गंज बघता येत नाही. पत्रा स्वस्त आणि हलका राहावा म्हणून ही तडजोड केली असणार, पण कंदील मरतो तो इथूनच.

१२ नोव्हेंबर: कंदील पेटवला

नवी वात, नवी काच. कंदिलावर सगळ्यात जास्त खर्च काचेचा झाला. वातीची रुंदी बर्नरची खाच मोजूनच घ्यायची. एक मिलिमीटर जास्त असली तर चावीचे दाते ती कुरतडतात, कमी असली तर कडेने हवा शिरून ज्योतीला शिंगं फुटतात. वात वर सरळ कापून दोन्ही कोपरे अगदी थोडे उडवले. पहिल्यांदा पेटवण्याआधी पंधरा-वीस मिनिटं ती रॉकेल पिऊ दिली. कोरडी वात पेटवली तर रॉकेलऐवजी सूतच जळतं.

तरीही काच काळी झाली. बर्नर त्याच्या खाचेत पूर्ण फिरून बसला नव्हता, खालून फटीने हवा येत होती. थंड झोताचा सगळा खेळ हवा ठरलेल्या वाटेनेच येण्यावर आहे. काच किंचित उचलली तरी ज्योत लगेच धुरकटते, त्यावरून हे हातानेच कळतं. बर्नर नीट बसवल्यावर प्रश्न मिटला. पेटवल्यावर वात मुद्दाम कमी ठेवायची. कंदील तापला की पाच मिनिटांत ज्योत आपोआप वाढते.

वापरून झाल्यावर वात बर्नरच्या घुमटीखाली उतरवून ठेवावी. वर राहिली तर रॉकेल तिच्यातून चढत राहतं आणि सकाळी कंदील बाहेरून ओलसर दिसतो. त्याला गळती समजून टाकी पुन्हा खरवडू नये.

१५ नोव्हेंबर: स्टोव्ह, पंप

हा लिंडक्विस्टने १८९२ मध्ये स्टॉकहोममध्ये आणलेल्या जातीचा, प्रेशरवर चालणारा, आवाज करणारा बर्नर. तक्रार: पंपाचा दांडा अगदी हलका चालतो आणि दाब येत नाही.

पंपाची टोपी सोडवून दांडा ओढला. टोकाला चामड्याची वाटी, उन्हात पडलेल्या सालीसारखी कडक आणि आक्रसलेली. ही वाटी नीट बघण्यासारखी आहे. तिचं तोंड टाकीकडे, म्हणजे खाली असतं. दांडा वर ओढताना वाटीची मऊ कड आत दबते आणि बाहेरची हवा तिच्या कडेने खाली सरकते. खाली दाबलं की तीच हवा कडेला बाहेर ढकलते आणि नळीच्या भिंतीवर चिकटवते. जोर वाढेल तशी वाटी आणखी घट्ट बसते. वेगळी स्प्रिंग नाही, मोजून कातलेला पिस्टन नाही, आणि पितळी नळी झिजली तरी मऊ चामडं ती झीज भरून काढतं. झिजायचं ते चामड्याने, नळीने नाही.

जुनी वाटी रात्रभर मशीन ऑइलमध्ये बुडवून कड बोटांनी फाकवली तर बऱ्याचदा जिवंत होते. ही झाली नाही, कडेला चीर होती. नवी बनवली: साधारण २ मिमी जाडीच्या चामड्याची गोल चकती, व्यास म्हणजे नळीचा आतला व्यास अधिक वाटीच्या उंचीच्या दुप्पट. पाण्यात भिजवून लाकडी फळीतल्या भोकात बोल्टच्या डोक्याने दाबून बसवली आणि पूर्ण वाळू दिली. मग मधलं भोक, मग तेल. न वाळवता तेल लावलेली वाटी दोन दिवसांत आक्रसली आणि काम पुन्हा करावं लागलं. खाण्याचं तेल वापरू नये, ते काही महिन्यांत डिंकासारखं होतं.

वाटी उलटी बसवली तर पंप हवा आत ढकलत नाही. चूक हास्यास्पद वाटते, पण दांडा हातात उलटा धरून बसवताना अगदी सहज होते.

१६ नोव्हेंबर: स्टोव्ह, व्हॉल्व्ह

आता दाब येतो, पण हात सोडला की दांडा आपोआप वर सरकतो. म्हणजे पंपाच्या तळाचा एकमार्गी व्हॉल्व्ह गळतो. आत लहान स्प्रिंग आणि तिच्या टोकावर बुचाचा किंवा रबराचा मणी, एवढंच असतं. पण तो नळीच्या खोल तळाशी आहे आणि काढायला लांब दांड्याचा खास पाना लागतो. साध्या हत्याराने तो निघत नाही. बाकी सगळा स्टोव्ह एका पक्कडीवर चालतो, आणि जो भाग हमखास जाणार तोच खास हत्याराच्या मागे लपवला आहे. या वस्तूतली ही एकच जागा खटकते.

पाना मिळवण्यात तीन दिवस गेले. गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवलं. सैल करण्याआधी किंचित आवळून बघायचं, धरलेले आटे त्याने तडकतात, मग उलट फिरवायचं. थेट उलटं जोरात फिरवलं की पाना घसरतो आणि व्हॉल्व्हच्या कडा गोल होतात.

मणी बदलताना साधं रबर घेऊ नये. रॉकेलमध्ये ते फुगतं आणि मऊ पडतं. नायट्राइल रबराचं ३ मिमी जाड तुकडं कापून बसवलं. व्हॉल्व्हखालचं शिशाचं वॉशर जुनंच असेल तर त्यावर ओरखडे पडलेले असतात. नवं घालावं, शिसं मऊ असल्यामुळे आवळताना आपल्याला हवा तो आकार घेतं. झाकणाचं वॉशरही त्याच रबराचं कापलं.

तपासणी: बर्नर काढून त्याच्या नळीच्या तोंडावर रबरी बूच हाताने दाबलं, रिकाम्या टाकीत चार-पाच स्ट्रोक मारले आणि बादलीत बुडवलं. झाकणाशी बुडबुडे आले, झाकण आणखी अर्धा वळसा आवळल्यावर थांबले. टाकीच्या जोडावर बुडबुडा दिसला असता तर तिथेच थांबून टाकी बाद केली असती. दाबाखाली रॉकेल असलेल्या भांड्याच्या शिवणीवर वरवरचं सोल्डर टिकेल यावर विश्वास ठेवू नये.

२१ नोव्हेंबर: स्टोव्ह, बर्नर

बर्नरमध्ये रॉकेल नळ्यांतून वर जातं, ज्योतीतून फिरून खाली येतं आणि तोवर त्याची वाफ झालेली असते. ती मधल्या निपलच्या, म्हणजे छोट्या तोटीच्या, भोकातून सुटते. एकदा तापला की स्टोव्ह स्वतःचं इंधन स्वतःच्या ज्योतीवर तापवतो. हलणारा एकही भाग नाही.

नळ्या आतून कोळशाने बंद होत्या. बर्नर टाकीपासून पूर्ण वेगळा करून मंद लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात बुडवला. आतला थर तडकून काळे कण बाहेर आले. दोन-तीनदा केलं आणि मऊ तार फिरवली. लख्ख लाल होऊ देऊ नये, जोड सुटतात.

मग पेटवला: बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट काठोकाठ, टाकीतली हवा सोडायचा स्क्रू उघडा, स्पिरिट संपत आलं की स्क्रू बंद आणि पाच-सहा हलके स्ट्रोक. घाई केली की वाफेऐवजी द्रव रॉकेल उसळतं आणि पिवळी ज्योत हातभर वर जाते. तशी गेली तर पंप सोडून ताबडतोब हवेचा स्क्रू उघडायचा. दाब संपला की ज्योत मरते. ज्योत बंद करण्याचा आणि धोका टाळण्याचा रस्ता एकच, आणि तो बोटाने फिरतो. हे पेटवण्याचं काम उघड्यावरच करावं.

बर्नर तापला तरी ज्योत निळी होईना, टोकं पिवळी आणि काजळी. निपल तपासलं. त्याचं भोक नवं असताना सुमारे ०.३ मिमी असतं. आधी वापरणाऱ्याने जाड पिन घालून ते मोठं आणि अंडाकृती केलेलं होतं. अशा निपलला इलाज नाही, बदलायचं. नवं बसवल्यावर पहिल्याच पेटवण्यात निळी ज्योत आली. पिन मारायची ती स्टोव्ह विझवून, सरळ, न फिरवता. निपल हा मुद्दाम सुटा, आट्यांवर बसणारा छोटा भाग आहे. तोच जर बर्नरमध्ये ओतलेला असता तर जाड पिनेने अख्खा बर्नर घालवला असता.

२५ नोव्हेंबर: मशीन, जाम चाक

मशीन क्लास १५ नमुन्याचं, उभ्या गोल बॉबिनचं. हा नमुना मागे १८७९ च्या सिंगरपर्यंत जातो. या बॉबिनचा व्यास सुमारे २० मिमी, आणि ती आजच्या कितीतरी घरगुती मशीनांत चालते. सुई १३०/७०५, तीही सगळीकडे मिळते. मशीन जगलं यात याचा वाटा लोखंडाइतकाच आहे.

चाक फिरत नाही तेव्हा आधी शटल, म्हणजे सुईखाली फिरून वरचा दोरा पकडणारा अणीदार भाग, बघायचा. बॉबिन केस काढली, शटलची कडी सोडवली. काही मशीनांत दोन खिट्ट्या असतात, काहींत स्क्रू. कडीखाली दोऱ्याचा वेढा होता, चिमट्याने काढला. चाक तरीही जाम, म्हणजे सुकलेलं तेल.

प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन थेंब, हेअर ड्रायरने कोमट केलं, चाक पुढे-मागे किंचित हलवलं, पुन्हा थेंब. असं संध्याकाळपर्यंत. जोर लावून फिरवलं तर सुईच्या दांड्याचा स्क्रू घसरतो आणि सुईची उंची बदलते. पुढचं निम्मं काम त्यातून जन्माला येतं. चाक मोकळं झालं की रॉकेल तसंच ठेवायचं नाही, ते धातू कोरडा करतं. पुसून प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एक थेंब. भोकं वरून दिसतात ती आठ-दहा, पण खाली मशीन आडवं केल्यावर तेवढीच आणखी सापडतात, आणि सुकलेली बहुतेक तीच असतात.

रंगावर स्पिरिट लावू नये. जुन्या मशीनवर शेलॅकचा थर असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि सोनेरी नक्षी चिंधीवर येते. तेल आणि कापूस पुरे.

२८ नोव्हेंबर: मशीन, चाकाचा क्लच

बॉबिन भरताना चाक मोकळं फिरायला हवं आणि सुई थांबायला हवी. इथे मधली गोल चकती सैल केली तरी सुई हलत राहते. चाक काढून बुशिंगवरचं चिकट तेल पुसलं, एक थेंब नवं लावलं. बसवल्यावर उलटाच प्रकार: आता चाक दांड्याला धरेनाच.

कारण आतलं तीन कानांचं वॉशर. त्याच्या आतल्या दोन जिभा दांड्याच्या खाचेत बसतात, बाहेरचे कान चकतीतल्या छोट्या स्क्रूला अडतात. ते दोन प्रकारे बसतं आणि एकाच प्रकारे चालतं. जिभांची वळलेली बाजू बाहेर हवी. तरी चकती पूर्ण आवळत नसेल तर वॉशर काढून अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसवायचं. काढण्याआधी फोटो काढून ठेवला तर हा खेळ वाचतो.

१ डिसेंबर: मशीन, टेन्शन

खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे येत होते. खाली फासे म्हणजे दोष वरच्या दोऱ्यात, पण हात आधी बॉबिन केसच्या स्क्रूकडे जातो. तो तसाच राहू द्यावा.

परीक्षा: फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली करून दोरा ओढला तर अडला पाहिजे, फूट वर केल्यावर मोकळा सुटला पाहिजे. इथे दोन्हीकडे मोकळाच. टेन्शन (वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या) सुटं केलं, चकत्यांमध्ये दोऱ्याचं सूत आणि गंज. चकत्या घासून पुन्हा लावल्या त्या फुगीर बाजू एकमेकींकडे ठेवून. दोरा फूट वर असतानाच ओवायचा, खाली असताना तो चकत्यांच्या बाहेरच राहतो आणि पुन्हा तेच फासे येतात. नेढ्यात दोरा उजवीकडून डावीकडे, सुईची सपाट बाजू डावीकडे. या नमुन्यात असंच, दुसऱ्या मशीनची सवय इथे चालत नाही.

बॉबिन केसची परीक्षा वेगळी. भरलेली केस दोऱ्याने लटकवली तर जागेवर राहावी, हलका झटका दिला की दोन-तीन बोटं खाली यावी. पट्टीखाली धूळ अडकलेली असेल तर आधी ती कागदाच्या कडेने काढायची, मग गरज असेल तर स्क्रू अष्टमांश वळसा. तो स्क्रू इतका बारीक असतो की ताट मांडूनच हात लावावा.

४ डिसेंबर: मशीन, खालचे दांडे

मशीन चालतं, पण कापड सरकवताना खडखड आवाज. आडवं केल्यावर दिसतं की कापड पुढे ढकलणारे दाते हलवणारे दोन लांब दांडे दोन्ही टोकांना निमुळत्या स्क्रूंच्या अणकुचीत अडकवलेले आहेत. प्रत्येक स्क्रूवर एक नट. झीज झाली की अणकुची आणि खड्डा यांत फट पडते, आणि ती बंद करायला स्क्रू थोडा आत घ्यायचा, बस. बेअरिंग बदलायची नाही, काही कापायचं नाही. वर्षांची झीज पाव वळशात निघते, आणि पुढच्या झिजेसाठी स्क्रूचे आटे अजून बरेच शिल्लक असतात. या मशीनमधला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

कृती: नट सैल, स्क्रू आवळत न्यायचा तो दांडा जड होईपर्यंत, मग केसभर मागे. आता ड्रायव्हरने स्क्रू धरून ठेवूनच नट आवळायचा. न धरता आवळलं की नट स्क्रूला सोबत ओढतो आणि चाक पुन्हा जड. एक टोक करून चाक फिरवून बघायचं, मग दुसरं. दोन्ही एकदम करू नये, नाहीतर दाते आडवे सरकून पट्टीच्या खाचेला घासतात.

जाता जाता दुसरी बाजू: या स्क्रूंचे आटे कंपनीचे स्वतःचे, कुठल्याही प्रचलित मापात न बसणारे. एक स्क्रू हरवला तर दुकानातला कुठलाही बोल्ट लागत नाही, जुन्या मशीनमधूनच काढावा लागतो. म्हणून डबीत, क्रमाने, चिठ्ठी लावून.

७ डिसेंबर: मशीन, टाके सुटतात

तपासायचा क्रम: सुई वाकडी आहे का (काचेवर ठेवून खाली फट बघायची), पूर्ण वर बसली आहे का, दोरा बरोबर ओवला आहे का. यातच बहुतेक वेळा सुटतं. इथे नाही सुटलं.

सुईच्या दांड्यावर दोन रेषा कोरलेल्या असतात. दांडा सगळ्यात खाली असताना वरची रेषा बुशिंगच्या खालच्या कडेशी यावी. दांडा वर निघून खालची रेषा तिथे आली की शटलची अणी बरोबर सुईच्या मागे हवी. रेषा पुसल्या असतील तर तळापासून सुई सुमारे २.४ मिमी वर आल्यावर अणी नेढ्याच्या दीड मिलिमीटर वर असावी. इथे दांडा सुमारे १ मिमी खाली घसरलेला होता. बाजूची पट्टी उघडून स्क्रू सैल केला, उंची लावली, आवळला.

टाके सुटणं थांबलं, पण दोरा अधूनमधून फाटतो. शटलच्या अणीवरून कापूस फिरवला तर धागे अडकले, म्हणजे खरखर. १००० आणि मग २००० चा ओला पेपर अणीच्या दिशेनेच फिरवला. आडवा फिरवू नये, आणि अणी आखूड होईल इतका तर नाहीच.

१० डिसेंबर: मशीन, उरलेलं

बॉबिन भरायच्या चाकावरचं रबरी कडं कडक आणि चपटं झालेलं, घसरत होतं. त्याच मापाची ओ-रिंग चढवली. पहिली जाड निघाली, सतत मोठ्या चाकाला टेकून राहायची. एक माप बारीक घेतल्यावर ठीक.

जुन्या बॉबिन केसची पट्टी झिजून तिच्यात दोऱ्याची चर पडली होती, म्हणून नवी घेतली. नव्या केसने दर टाक्याला टक असा आवाज आणि थोड्या वेळाने दोरा तुटला. या केसचं बोट कुठल्या दिशेला असावं हे मशीनवर अवलंबून आहे. या मशीनला घड्याळाच्या ११ वाजताच्या दिशेचं लागतं, १ वाजताच्या दिशेचंही बाजारात तसंच दिसतं आणि आत जातंही, पण खटका बसत नाही. जुनी केस हातात घेऊन शेजारी ठेवून जुळवावी. बदलून घेतलेली केस दाबल्यावर खटका स्पष्ट ऐकू आला. चार थर कापडावर टाका दोन्हीकडून सारखा पडतो.